अण्णांच्या घरचं ताट

मल्लिनाथअण्णांनी कुणाला 'हो' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि 'नाही' म्हटलेलंही ऐकलं नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी त्यांचं घर, घरापुढे शहाबादी फरशीचा कट्टा, आणि सकाळी त्या कट्ट्यावर अण्णा. पांढरी बंडी, पांढरा लेंगा, कपाळावर विभूतीचे पट्टे. समोर माणसांची रांग. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुणाच्या भावानं भिंत घालून वाट अडवलेली. अण्णा प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकत, मधे एकदाही तोडत नसत. सांगणारा दमला की मान हलवून म्हणत, "बघू की."

माझं माहेर मंगळवेढ्याचं. आमच्याकडे माणूस एकतर व्हय म्हणतो नाहीतर न्हाय म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. लग्न होऊन या पेठेत आले तेव्हा मला हा 'बघू की' काही केल्या उमगेना. ओळीनं तीनदा नगरसेवक झालेला माणूस, आणि एक सरळ उत्तर देत नाही? मी सासूबाईंना विचारलं, तर त्या मला वेड्यात काढत म्हणाल्या, "अगं, त्यांच्या तोंडाकडं काय बघतीस? च्या आला तर पिऊन उठायचं, काम होणार न्हाय. ताट आलं तर बसायचं. झालं काम म्हणून समज."

हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. ज्याचं काम अण्णांना करायचं नसे, त्याच्यापुढे कपबशी येई. बिचाऱ्याला निदान रिकाम्या तोंडी परत पाठवायचं नाही म्हणून. आणि ज्याचं काम त्यांनी मनावर घेतलं असेल, त्याच्यासाठी ते आत तोंड करून हाक मारत, "गौरा, ताट वाढ." गौराक्का त्यांच्या पत्नी. मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि असेल ती भाजी येई, आणि तो माणूस कट्ट्यामागच्या पडवीत बसून निवांत जेवे. त्याची बायको घरी काळजीत असेल तर बोळातला कुणीतरी आधीच जाऊन सांगे, की जेवायला बसलेत, काळजी करू नका.

काही हुशार मंडळी मुद्दाम जेवणाच्या वेळेला जात. एक निवृत्त बँकवाले होते, त्यांना जावयाची बदली करून हवी होती. ते बरोबर बाराच्या ठोक्याला कट्ट्यावर हजर. अण्णा म्हणाले, "बसा की. च्या घ्या. मी आज उपाशी हाय." बँकवाल्यांनी विचारलं, "आज कसला उपास?" अण्णा शांतपणे म्हणाले, "हाय एक." त्यानंतर आमच्या बोळात कुणाचं काम फसलं की 'अण्णांचा उपास लागला' असं म्हणत.

मला ते ताट एकदा मिळालं होतं. माझे यजमान अचानक गेले, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत धाकट्या दिरांनी खालच्या मजल्यावरच्या वर्कशॉपला स्वतःचं कुलूप घातलं. शाळेचे गणवेश शिवायचं आमचं काम, आठ-दहा मशिनी, एक ओव्हरलॉक, त्यावर माझं घर चालायचं. मी कट्ट्यावर गेले आणि अर्धं बोलून रडायलाच लागले. अण्णांनी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. आत हाक मारली. मला घास गिळवत नव्हता, तर गौराक्का शेजारी बसून म्हणाल्या, "ऊटा माड तायी, जेव बाई. आता रडायचं काम संपलं." दोन दिवसांनी दीर स्वतः येऊन किल्ली माझ्या हातात देऊन गेले. अण्णांनी त्यांना काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पण त्या दिवसापासून अण्णा माझ्यासाठी देवाच्या खालोखाल होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की या बाईला पहिल्यापासूनच त्यांचा राग होता. तसं नव्हतं. राग उपऱ्या माणसाचा येतो आणि निघून जातो. हे दुखणं वेगळं आहे.

माझ्या वर्कशॉपमध्ये शफीक कटिंग मास्तर होता. कापडाचे थर एकावर एक लावून, खडूनं आखून, एका दमात कात्री चालवायचा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, हसताना तोंडावर हात धरणारा. मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर सरहद्द ओलांडून आलेला. आधी कलकत्ता, मग सुरत, मग सोलापूर. कागद म्हणाल तर एकही नाही, आणि त्यानं ते माझ्यापासून कधी लपवलं नाही. इथेच त्याचं शाहीनशी लग्न झालं. शाहीन अस्सल सोलापूरची; तिचे आजोबा इथल्या गिरणीत होते. माझ्याकडेच ती काजं-बटणं करते. त्यांना दोन मुली, दोघी महापालिकेच्या मराठी शाळेत जातात आणि माझ्याशी माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात.

अण्णांना शफीकचं भारी कौतुक. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाबरोबर चालणारी मंडळी पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालतात. अण्णांची बाराबंदी दरवर्षी शफीकनं शिवायची, असा जणू नेमच झाला होता. अण्णांचं पोट वर्षागणिक पुढे सरकत होतं, आणि शफीक माप न घेता नुसतं बघून तेवढं कापड वाढवायचा. "ह्येच्यासारखं बंद कुणी लावत न्हाय," अण्णा चारचौघांत सांगत, "चालताना कळत बी न्हाय की अंगात काय हाय." तो कुठून आला हे त्यांनी एकदा माझ्यासमोरच त्याला विचारलं होतं. शफीकनं खरं ते सांगितलं. अण्णा नव्या बाराबंदीचा खांदा चाचपत म्हणाले, "खांद्यात जरा सैल ठेव."

मागच्या काही वर्षांत हवा बदलली. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये कामगारांची तपासणी सुरू झाली. कोण कुठला, कधी आला, कागद दाखवा. शहरात दोन तट पडले. काही कारखानदार, काही वकील, काही मास्तर मंडळी म्हणत होती की जे वर्षानुवर्षं इथे राबतायत, ज्यांची लेकरं इथे जन्मली, त्यांना एकदा माफ करून टाका, रीतसर नोंद करा आणि राहू द्या. दुसरे म्हणत होते की बिनपरवाना आला तो गुन्हेगारच, आज याला माफ केलं तर उद्या आणखी हजार येतील. दोन्हीकडे माझ्या ओळखीचे लोक होते, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांचं म्हणणं अगदीच खुळचट आहे असं मला कधी वाटलं नाही. पण माझ्यासमोर प्रश्न हजारांचा नव्हता, शफीकचा होता.

नेमकं त्याच सुमारास अण्णांच्या आमदारकीच्या तिकिटाची चर्चा सुरू झाली. पत्रकार कट्ट्यावर येऊ लागले. "अण्णा, माफी द्यावी की देऊ नये?" अण्णा म्हणत, "दोन्ही बाजूनं विचार कराय पाहिजे की." दुसरा विचारे, "म्हणजे द्यावी?" "तसं मी कुटं म्हटलं?" "म्हणजे देऊ नये?" "तसं बी कुटं म्हटलं?" पत्रकार हसत, अण्णाही हसत, आणि सगळ्यांना चहा येई.

शफीकला चौकशीला हजर राहायचा निरोप आला तेव्हा मी आमच्या ओळखीच्या वकिलांना गाठलं. त्यांनी मला अंधारात ठेवलं नाही. म्हणाले, "सुनंदाताई, कायदा त्याच्या बाजूनं नाही. पण पोलिसांसमोर आणि नंतर कोर्टात कुणी वजनदार माणूस उभा राहिला आणि म्हणाला की मी याला ओळखतो, हा माझ्या पेठेत राहतो, याची बायको-पोरं इथली आहेत, तर मला निदान वेळ मागता येईल. वेळ मिळाला तर मी झगडू शकतो." तिकडे शाहीनचा भाऊ हैदराबादला होता. तो रोज फोन करत होता, की चौकशीला जाऊच नका, सगळे इकडे निघून या, एवढ्या मोठ्या शहरात कोण शोधतंय.

मी शफीक आणि शाहीनला घेऊन कट्ट्यावर गेले. सगळं सांगितलं. काय हवंय तेही सरळ सांगितलं: अण्णा, तुम्ही ठाण्यात आमच्याबरोबर या आणि याला ओळखता एवढं म्हणा. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बघू की," म्हणाले. मग शफीककडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. अण्णांनी आत तोंड केलं. "गौरा, तीन ताटं वाढ."

मला सांगता येत नाही तेव्हा मला काय वाटलं. त्या दिवशी शेंगापोळ्या केलेल्या होत्या. अण्णा स्वतः तुपाचं भांडं घेऊन आले आणि शफीकच्या पोळीवर तूप सोडून म्हणाले, "लाजू नको रे. घे." शाहीन पदर डोळ्याला लावून जेवत होती. गौराक्कांनी उरलेल्या पोळ्या मुलींसाठी बांधून दिल्या. घरी परतताना शाहीननं मला तीनदा विचारलं, "हो गया ना भाभी? काम हो गया ना?" आणि मी तिला छातीठोकपणे सांगितलं, "झालं. ताट आलंय."

संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला तेव्हा शफीकनं माझ्यासमोरच त्याला सांगितलं की आम्ही येत नाही. फोन ठेवून मला म्हणाला, "कशाला पळायचं भाभी? अण्णांच्या घरी जेवलो मी."

मधल्या काळात हुतात्म्यांच्या नावाच्या सभागृहात अण्णांची मोठी सभा झाली. दोन्ही तटांची माणसं खच्चून भरली होती, मीही मागच्या रांगेत होते. अण्णा बोलले, आणि फार सुंदर बोलले. "माणुसकी सोडून कायदा न्हाय," म्हणाले, आणि माफीवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "पर कायदा सोडून माणुसकी बी न्हाय," म्हणाले, आणि विरोधातल्यांनी त्याहून मोठा कडकडाट केला. बाहेर पडताना दोन्हीकडचे लोक म्हणत होते, अण्णा आपलेच. मला हसू आलं. मनात म्हटलं, हे भाषण आहे, राजकारण आहे, त्यांना निवडून यायचंय, तोंडानं ते काहीही बोलोत. आपल्याला ताट मिळालेलं आहे.

चौकशीच्या दिवशी शफीक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तयार होता. वकील आले, शाहीन आली, आम्ही ठाण्यात जाऊन बसलो. अण्णांना फोन लावला तर त्यांच्या माणसानं उचलला, "अण्णा कार्यक्रमात हायत, निघतीलच." आम्ही वाट बघत राहिलो. दर गाडीच्या आवाजाला शफीक उठून उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा. चौकशीचे अधिकारी तरुण होते आणि वागायला चांगले होते. शेवटी तेच म्हणाले, "एवढं म्हणताय तर मीच विचारतो त्यांना," आणि त्यांनी अण्णांना फोन लावून टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

अण्णांनी फोन उचलला. अधिकाऱ्यांनी नाव सांगितलं, मी समोर बसले आहे हेही सांगितलं आणि विचारलं, "आपण ओळखता का या माणसाला?"

 फोनमध्ये मागे बँडबाजा वाजत होता. मग अण्णांचा तो मऊ आवाज आला. "सायेब, आमच्या पेठेत लई माणसं येतात, जातात. कट्ट्यावर सगळेच येतात की. मी कुणाकुणाला वळखणार? तुमचं काम तुमी करा, मी मधी पडणार न्हाय. मात्र गरीब माणूस हाय, तरास देऊ नका."

शफीकनं माझ्याकडे बघितलं. रडला नाही, चिडला नाही. त्याला वाटलं असावं की आपल्याला नीट समजलं नाही, आता भाभी समजावून सांगतील. शाहीनला मात्र पहिल्याच वाक्याला समजलं होतं. तिनं त्याचा हात घट्ट धरला, आणि तो हात तिला थोड्या वेळानं सोडावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेले. रांग होती, पण मी रांगेत उभी राहिले नाही. म्हटलं, "अण्णा, काल तुम्ही काय केलंत?"

"ये की, बस," अण्णा म्हणाले. "मी काय केलं गं सुनंदा? मी त्याच्या विरोधात एक शब्द बोललो व्हय? सांग बरं. तरास देऊ नका म्हणलो की न्हाय?"

"ओळखत नाही म्हणालात."

"तसं कुटं म्हणलो? कुणाकुणाला वळखणार म्हणलो."

आणि ते खरं होतं. तेच तर मला सहन होईना. रात्रभर मी त्यांची वाक्यं मनात घोळवली होती आणि एकही शब्द त्यांच्या अंगाला चिकटत नव्हता. मी ओरडलेच, "अण्णा, त्याला तुम्ही जेवायला वाढलं होतंत! तूप वाढलंत स्वतःच्या हातानं!"

अण्णांना खरोखर आश्चर्य वाटलं. निदान चेहऱ्यावर तरी तसंच दिसलं. रांगेकडे बघत हात पसरून म्हणाले, "आता घरी आलेल्या माणसाला जेवाय बी घालायचं न्हाय व्हय?"

रांगेतल्या सगळ्यांना समजलं होतं. त्यांतल्या कितीकांनी त्या पडवीत बसून भाकरी खाल्ली होती, आणि त्यावर घरची लग्नं ठरवली होती, अर्ज मागे घेतले होते, भांडणं मिटवली होती. पडवीच्या दारात गौराक्का उभ्या होत्या. बाहेरच्या माणसांसमोर त्या नवऱ्याशी कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या. "लगीन झाल्यापासून तुमी वाढ म्हणला की मी वाढत आले. मला वाटायचं, मी तुमचा शब्द वाढतीया. तर ती नुसतीच भाकरी व्हती व्हय?" एवढं बोलून त्या आत गेल्या.  पहिल्यांदाच मला अण्णांच्या चेहऱ्यावर लाज दिसली, पण तीही पुढच्या माणसाचं गाऱ्हाणं सुरू होईपर्यंतच टिकली.

मी त्यांच्याबद्दल फार विचार केला आहे. अण्णा दुष्ट नव्हते, पैसे खाणारे नव्हते. त्यांना कट्ट्यावरून कुणी नाराज होऊन उठलेलं बघवत नसे, आणि मी इतकी वर्षं त्याला चांगुलपणा म्हणत होते. सगळ्यांनी आपल्याला आपलं म्हणावं एवढीच त्यांची भूक. नळाची, बदलीची, कुलपाची कामं होती तोवर ती भूक भागवायला कुणाचा बळी द्यावा लागत नव्हता. ज्या दिवशी एकाला धरायचं तर दुसऱ्याला सोडावं लागणार होतं, त्या दिवशी त्यांनी ज्याला मत नाही त्याला सोडलं. दिरांना माझ्यासाठी दटावणारा हाच माणूस होता, हे आठवलं की माझा संताप अर्धा होत नाही, दुप्पट होतो.

शफीकला इतरांबरोबर पूर्वेकडे नेलं आणि सरहद्दीपार सोडलं. तिथे त्याचं कुणी उरलेलं नाही. एका शिंप्याच्या दुकानात पडेल ते काम करतो, आणि फोन लागला तर मुलींना पाढे म्हणायला लावतो. अण्णा निवडून आले. दोन्ही तटांनी त्यांना मतं दिली. माफीचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि कुणी विचारलं तर आमदारसाहेब सांगतात की अभ्यास चालू हाय. पेठेत मात्र एक बदल झाला. पडवीत ताट आलं तरी माणसं आता हात धुवायला उठत नाहीत. आधी विचारतात, "म्हणजे व्हय म्हणायचं का अण्णा?" परवा एका म्हातारीनं तर भाकरी समोर ठेवून दहा माणसांसमोर त्यांच्याकडून 'व्हय' वदवून घेतलं, आणि मगच तुकडा मोडला. गौराक्का आता वाढायला बाहेर येत नाहीत, कुणीतरी बाई ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात मी वर्कशॉपच्या दारात उभी होते. शाहीन मुलींना शाळेतून घेऊन येत होती. तेवढ्यात अण्णांची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली आणि ते उतरले. तिला बघून स्वतःहून पुढे आले. धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शाहीन, काय लागलं-सवरलं तर सांग की. मी हायच."

शाहीन थांबली. मला वाटलं होतं ती न बोलता निघून जाईल, किंवा तोंडाला येईल ते बोलेल. ती अगदी हळू, मुलींच्या देखत म्हणाली, "मेरे कू कुछ नै होना अण्णा. एकच बात पूछती. मेरे घरवाले कू तुम पहचानते थे के नै? हौ बोलो, नैतो नै बोलो. इन दोनों कू सुनना है."

दोन्ही मुली माना वर करून अण्णांकडे बघू लागल्या. गाडीचा ड्रायव्हर, समोरचा पानवाला, मी, सगळेच बघत होतो. अण्णांनी घसा साफ केला, आणि त्यांचा तोच मऊ आवाज आला. "आता असं हाय बघ शाहीन, तसं बघाय गेलं तर..."

शाहीननं मुलींचे हात धरले आणि ती चालू लागली. मी मात्र जागची हलले नाही, कारण मला ते वाक्य शेवटपर्यंत ऐकायचं होतं. अण्णा माझ्याकडे वळून बोलत राहिले. ती बोळाच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली, तरी त्यांचं वाक्य पुरं झालं नव्हतं.